चाप कोणाच्या हाती?

पनवेल हे वाटेवरचे गाव. मुंबईहून गलबतात बसून निघालेला प्रवासी पूर्वी आमच्या खाडीत उतरायचा आणि पुढे बोरघाटाची वाट धरायचा. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा ही ये-जा आणखीच वाढली. आज खाडीतली गलबते गेली आहेत, पण वाट आमच्याच दारावरून जाते. कळंबोलीहून द्रुतगती मार्ग सुरू होतो. २००२ साली तो पुरा झाला आणि पुणे पनवेलकरांच्या हाकेच्या अंतरावर आले. २०२४ सालापासून या मार्गावर आणखी एक नवलाई सुरू झाली आहे. रस्त्यावर आडव्या लोखंडी कमानी आणि कमानींवर कॅमेरे! मोटार खालून सुसाट गेली की तिचे चित्र निघते, आणि वेग मर्यादेबाहेरचा असला तर दंडाचा निरोप मालकाच्या मोबाइलवर येऊन पडतो.

कमानीवर कोणी माणूस बसलेला नाही. मग चित्र नेमके कोणत्या क्षणी घ्यायचे, हे ठरवतो कोण? यंत्रांच्या धंद्यातल्या मंडळींनी यासाठी बंदुकीच्या भाषेतून एक शब्द उचलला आहे. ते म्हणतात, ‘कॅमेऱ्याला ट्रिगर मिळाला.’ ट्रिगर म्हणजे आपल्या मराठीत चाप. कोणी त्यालाच बंदुकीचा घोडाही म्हणतात. हा चाप पूर्वी माणसाच्या बोटाखाली होता. तो तेथून निघून दोऱ्याकडे, घड्याळाकडे, आणि शेवटी ज्याचे चित्र घ्यायचे त्या वस्तूकडेच कसा गेला, याची हकीगत मोठी रंजक आहे. ती आपल्या महाराष्ट्रातूनच बरीचशी सांगता येते, म्हणून सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

मुळाशी गोष्ट सोपी आहे. प्रकाशचित्र घेणाऱ्याला दोन प्रश्न सोडवावे लागतात: केव्हा, आणि किती वेळ? पहिल्याचे उत्तर म्हणजे चाप; दुसऱ्याचे उत्तर म्हणजे एक्स्पोजर, अर्थात काचेवर किंवा फिल्मवर प्रकाश पडू देण्याचा अवधी. अवधी कमी पडला तर चित्र काळवंडते. जास्त झाला तर पांढरेफटक होते. आणि त्या अवधीत समोरची वस्तू हलली तर चित्र फिसकटते. बाकी सारे तंत्र या दोन प्रश्नांभोवतीच उभे आहे.

मुंबईत ही विद्या फार लवकर आली. १८३९ साली पॅरिसमध्ये दाग्येरची कृती जाहीर झाली आणि पुढे पंधरा वर्षांतच, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या उत्साही सभासदांपैकी एक. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत या विद्येचा वर्गही भरू लागला. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे पहिल्या पिढीतले आपले धंदेवाईक छायाचित्रकार याच काळातले. त्या वेळच्या कॅमेऱ्याला चाप नव्हताच! भिंगावर एक टोपण असे. काच रसायनात भिजवून ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, टोपण काढायचे, तोंडाने आकडे मोजायचे आणि टोपण परत लावायचे. समोरच्या माणसाने तोवर श्वास रोखून बसायचे. मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी आकडाही लावीत. जुन्या वाड्यांतल्या तसबिरींत आपले पणजोबा इतके करारी का दिसतात, याचे निम्मे कारण हा आकडा असावा असे मला नेहमी वाटते.

यात ‘केव्हा’ आणि ‘किती वेळ’ ही दोन्ही उत्तरे एकाच हाताने दिली जात. पुढे टोपणाच्या जागी झडप आली आणि झडपेला रबरी नळीने जोडलेला एक फुगा आला. फुगा दाबला की हवेच्या जोराने झडप उघडे. दाबून धरला तोवर उघडी राही. सोडला की मिटे. जुन्या स्टुडिओत पाहिलेला तो तांबूस फुगा माझ्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल. इंग्रजीत फुग्याला ‘बल्ब’ म्हणतात. त्याचे आद्याक्षर ‘बी’ आजही चांगल्या कॅमेऱ्यांवर खूण म्हणून उरले आहे. या फुग्याची आठवण वाचकांनी जपून ठेवावी. पुढे आपल्याला त्याची गरज लागणार आहे.

चाप माणसाच्या हातून पहिल्यांदा सुटला तो एका घोड्यापायी. कॅलिफोर्नियातले एक रेल्वेमालक आणि माजी गव्हर्नर लेलंड स्टॅनफर्ड यांना घोड्यांचा भारी नाद. भरधाव धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, हा त्या काळचा वादाचा विषय होता. डोळ्यांना ते कळत नव्हते आणि टोपण काढणाऱ्या हातालाही ते जमणारे नव्हते. १८७८ च्या जून महिन्यात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे सव्वादोन-सव्वादोन फुटांवर मांडले आणि प्रत्येकासमोर पट्टीवर आडवा दोरा ताणला. घोड्याच्या छातीने दोरा तोडला की त्या त्या कॅमेऱ्याची झडप पडायची. प्रत्येक एक्स्पोजर सेकंदाच्या दोन-हजारांशाहूनही कमी होते, असे त्याने चित्रांखाली छापले. चित्रांत चारही पाय अधांतरी दिसले. पण चित्रकार रंगवीत तसे पुढेमागे फाकलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले! थोडक्यात, घोड्यानेच घोडा ओढला. ज्याचे चित्र घ्यायचे त्यानेच क्षण ठरवावा, ही कल्पना येथे जन्माला आली. आणि कळंबोलीच्या पुढची कमान हे तिचेच दूरचे नातवंड आहे.

चारच वर्षांनी, १८८२ साली, फ्रान्समधल्या एत्यें-जूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने तर खरोखरीच बंदूक केली. तिला दस्ता होता, नळी होती, चापही होता. मात्र चाप ओढला की गोळी सुटण्याऐवजी सेकंदाला बारा चित्रे निघत. प्रत्येक चित्राला सेकंदाचा सातशेविसावा भाग पुरे होई. उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा आणि पक्षी मात्र सुखरूप! ‘ट्रिगर’ हा शब्द कॅमेऱ्याला किती चपखल बसतो याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आपल्याकडे चाप एकदा चक्क आवाजाकडे गेला होता. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून देशावर गेली. विजयदुर्गच्या किल्ल्यात सर नॉर्मन लॉकियर यांनी दुर्बिणी मांडल्या होत्या आणि ‘मेल्पॉमिनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. (हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे आपण हौसेने सांगतो. वस्तुतः तो मागोवा १८६८ च्या ग्रहणाचा. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होते. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी.) इकडे सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन आले होते. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. एवढ्यात लहान-मोठी अनेक एक्स्पोजरे साधायची आणि चुकले तर पुन्हा संधी नाही. अशा मोहिमांत एकाने घड्याळाकडे पाहत मोठ्याने सेकंद पुकारायचे आणि ज्याने त्याने आपल्या आकड्यावर झडप उघडायची व मिटायची, अशी रीत असे. त्यासाठी आधी कवायत होई. येथे ‘केव्हा’ हे सूर्य-चंद्रांनी ठरवले होते, ‘किती वेळ’ हे शास्त्रज्ञांनी. हात फक्त हुकमाचे ताबेदार होते.

आणि आता दादासाहेब फाळके. पनवेलहून घाट चढून गेले की लोणावळा लागते. तेथे दादासाहेबांनी चित्रांचे ठसे व छपाई यांचा कारखाना काढला होता. तो नंतर दादरला गेला. भागीदारीत बिनसल्यावर त्यांनी तो धंदा सोडला, १९११ साली ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि या नव्या विद्येने त्यांना झपाटले. रात्रीचा दिवस करून अभ्यास चालला. इतका की दृष्टी जायची वेळ आली आणि डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन आले.

हा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा. त्या काळच्या अशा कॅमेऱ्यांत दांड्याच्या एका फेऱ्याला साधारण आठ चित्रे निघत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे. आत झडप म्हणून एक अर्धवर्तुळ तबकडी दांड्याच्याच दातेरी चाकांवर फिरे. अर्धा वेळ भिंग उघडे, अर्धा वेळ झाकलेले. म्हणजे दर चित्राला सेकंदाचा सुमारे बत्तिसावा भाग प्रकाश मिळे. हात मंदावला की प्रकाश जास्त, हात घाईला आला की कमी. एकच दांडा क्षणही ठरवी आणि अवधीही! म्हणून जुन्या कॅमेरावाल्याच्या मनगटाला गवयाच्या लयीची किंमत होती.

परत आल्यावर भांडवलदारांना पटवण्यासाठी दादासाहेबांनी नट जमवले नाहीत की देखावे उभारले नाहीत. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कुंडीपुढे कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ, थोड्या थोड्या अंतराने, एकेक चित्र घेत राहिले. मिनिटभराच्या पट्टीला सोळाच्या हिशेबाने नऊशेसाठ चित्रे लागतात. महिन्यात ती वाटली तर दिवसाला तीस-बत्तीस पडतात. पडद्यावर मात्र जेमतेम मिनिटभरात बी फुटले, कोंब वर आला आणि वेल चढला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्राचे नाव. ते पाहूनच कर्ज देणारे पुढे आले. पुढे सरस्वतीबाईंनी दागिने दिले, पट्ट्यांना भोके पाडण्यापासून त्या धुण्यापर्यंतची कामे केली, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

वाटाण्याच्या या गोष्टीत मला फार मोठे मर्म दिसते. मायब्रिजने क्षण चिरून अदृश्य वेग दाखवला. फाळक्यांनी क्षण विरळ करून अदृश्य संथपणा दाखवला. दोघांचे यंत्र जवळपास तेच. फरक फक्त चाप केव्हा ओढावा एवढ्याच विचाराचा. आपल्या चित्रसृष्टीचा आरंभ नटाच्या चेहऱ्याने नव्हे, तर चाप कळलेल्या माणसाच्या धीराने झाला आहे.

यानंतरचा टप्पा विजेचा. आषाढातल्या काळोख्या रात्री वीज चमकते तेव्हा पळणारा माणूस क्षणभर पुतळ्यासारखा थिजलेला दिसतो, हे पनवेलच्या पावसात वाढलेल्याला सांगायला नको. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० नंतरच्या दशकात तीच वीज नळीत कोंडली. खोलीत अंधार, झडप उघडीच. फुटणाऱ्या फुग्याने किंवा सुटलेल्या गोळीने दिवा पेटवायचा आणि तो सेकंदाच्या लाखांश भागात विझायचा. प्रकाशच तेवढा वेळ होता, म्हणून एक्स्पोजर तेवढेच. झडपेचे काम दिव्याने केले.

मग झडपही गेली. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सिलिकॉनच्या चकतीवर विजेचे भार साठवून ओळीने पुढे सरकवण्याची युक्ती काढली. २००९ साली त्यांना तिच्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. डिजिटल कॅमेरा तिच्यातून निघाला. त्याच्या आत पाहायचे तर अंगणात मांडलेल्या लक्षावधी इवल्या वाट्या डोळ्यांसमोर आणाव्यात. प्रकाश हा पाऊस. तो पडतोच आहे. त्याला अडवणारे दार नाही. चाप ओढला की सगळ्या वाट्या एकदम पालथ्या होऊन रिकाम्या होतात आणि मोजणी सुरू होते. अवधी संपला की प्रत्येक वाटीतले पाणी शेजारच्या झाकलेल्या वाटीत ओतले जाते. मग ते सावकाश मोजायचे. काही स्वस्त कॅमेऱ्यांत मात्र वाट्या एकदम रिकाम्या न होता ओळीओळीने होतात. म्हणून मोबाइलवर काढलेल्या चित्रात फिरत्या पंख्याची पाती वाकडी दिसतात. वरच्या ओळीने पाहिलेला क्षण आणि खालच्या ओळीने पाहिलेला क्षण एक नसतो.

हे सगळे मी पुस्तकांतून वाचले होते. प्रत्यक्ष पाहिले ते आमच्याच तालुक्यात, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत. माझा एक जुना विद्यार्थी तेथल्या औषधांच्या कारखान्यात आहे. त्याने मला गोळ्यांची पाकिटे तपासणारे यंत्र दाखवले. पट्ट्यावरून पाकिटे धावतात. एकीकडे प्रकाशाचा एक बारीक किरण आडवा सोडलेला असतो. पाकिटाने किरण तोडला की विजेचा एक ठोका कॅमेऱ्याकडे जातो. मायब्रिजचा दोराच हा, फक्त न तुटणारा! पाकीट कॅमेऱ्याखाली पोचायला थोडा वेळ लागतो, तेवढा थांबून कॅमेरा वाट्या पालथ्या करतो, त्याच वेळी दिवा चमकतो, आणि एखादी खोबण रिकामी दिसली तर ते पाकीट फुंकरीने बाजूला पडते.

विद्यार्थ्याने हिशेब करून दाखवला. पट्टा सेकंदाला एक मीटर चालतो असे धरा. एक्स्पोजर सेकंदाचा हजारावा भाग ठेवले तर तेवढ्यात पाकीट एक मिलिमीटर सरकते आणि अक्षरे फिसकटतात. दहाहजारावा भाग ठेवले तर सरकणे केसाच्या जाडीवर येते. मात्र प्रकाश दहापट कमी मिळतो, म्हणून दिवा दहापट प्रखर हवा. किरण कॅमेऱ्याच्या वीस सेंटिमीटर अलीकडे असेल तर थांबायचे सेकंदाचा पाचवा भाग. पण पट्टा मंदावला तर? पाकीट पोचण्याआधीच चित्र निघेल आणि निर्दोष पाकीट बाद ठरेल. म्हणून शहाणी मंडळी वेळ मोजत नाहीत. पट्ट्याच्या चाकाला दातेरी मोजणी लावतात आणि इतके दाते फिरले की चाप ओढ, असे सांगतात. फाळक्यांच्या दांड्याचीच ही रीत: वेग बदलला तरी चाल आणि चित्र यांची सांगड सुटत नाही.

अवधी ठरवायच्याही दोन तऱ्हा आहेत. एकीत ठोका फक्त ‘सुरू’ एवढेच सांगतो. किती वेळ, ते कॅमेरा आपल्या आतल्या घड्याळाने पाहतो. दुसरीत ठोका जितका वेळ टिकेल तितका वेळ वाट्या भरत राहतात आणि ठोका ओसरला की थांबतात. हे ऐकल्याबरोबर मला हसू आले. हा तर आमचा स्टुडिओतला रबरी फुगा!

परंतु विद्यार्थ्याने शेवटी जे सांगितले ते हसण्यासारखे नव्हते. आधीच्या चित्राचे पाणी मोजून व्हायच्या आत दुसरा ठोका आला तर काही कॅमेरे तो मुकाट्याने सोडून देतात. चित्र निघत नाही, तक्रारही होत नाही. पाकीट मात्र पुढे जाते आणि तपासले गेले असेच सगळे समजतात. त्या पाकिटात एक गोळी कमी असेल, आणि ते घेणारे कोणाचे तरी आजारी आईवडील असतील. म्हणून ठोके किती आले आणि चित्रे किती निघाली याची बेरीज जुळते की नाही हे पाहावे लागते. जुळली नाही तर पट्टा थांबवावा लागतो. यंत्राला हे सुचत नाही. ते कोणीतरी आधी सुचून लिहून ठेवावे लागते.

कमानीखालच्या मोटारीचाही न्याय हाच आहे. ताशी १०० किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. सेकंदाच्या तिसाव्या भागात ती हातभराहून अधिक, जवळजवळ मीटरभर सरकेल, हजाराव्या भागात तीनच सेंटिमीटर. म्हणून एक्स्पोजर अतिशय लहान, आणि रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा झोत. नंबर वाचता येतो तो त्यामुळे. पण दंड नुसत्या नंबराने होत नाही, वेळेनेही होतो. दोन कमानींमधल्या वेळेवरून सरासरी वेग काढण्याची एक रीत आहे. कमानींत दोन किलोमीटरचे अंतर धरले तर ताशी १०० ने जाणाऱ्याला ७२ सेकंद लागतील. दोन ठिकाणच्या घड्याळांत चारच सेकंदांची तफावत पडली, तर कागदोपत्री ६८ सेकंद होतील आणि तोच सरळमार्गी माणूस ताशी १०६ ने धावलेला ठरेल. चित्र खोटे नसेल; मोटार त्याची, नंबर त्याचा. खोटा असेल तो क्षण.

यंत्राची साक्ष आपण हल्ली फार चटकन मानतो. त्याला डोळा नाही म्हणून पक्षपात नाही, असे म्हणतो. वेगाला आळा बसावा आणि घाटातले अपघात टळावेत हे मलाही मनापासून हवे आहे. पण जेऊरच्या माळावर सेकंद पुकारणारा माणूस तरी समोर दिसत होता. त्याचे चुकले तर त्याला विचारता येत होते. आज पुकारणारा दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे समजणे बरे नव्हे. किरण कोठे लावायचा, किती थांबायचे, किती वेळ वाट्या भरू द्यायच्या, घड्याळे कधी जुळवायची, हे सारे कोणा ना कोणा माणसाने ठरवलेले असते. त्याला ते विचारण्याचा हक्क दंड भरणाऱ्याला आणि औषध घेणाऱ्याला असला पाहिजे, आणि उत्तराची नोंद ठेवण्याची शिस्त ठरवणाऱ्याला असली पाहिजे.

दिवाळीच्या दिवसांत एवढे गंभीर बोलून थांबणे शोभणार नाही, म्हणून मुलांसाठी एक खेळ सांगतो. मोबाइल किंवा कॅमेरा एखाद्या स्टुलावर घट्ट टेकवून ठेवा आणि अंगणातले दिवे मालवा. भुईचक्र लावून आधी सेकंदाच्या हजाराव्या भागाचे चित्र घ्या: ठिणग्या सुट्या सुट्या, मोजता येतील अशा दिसतील. मग एक सेकंदाचे घ्या: प्रकाशाचे अखंड चाक दिसेल. शेवटी चार-पाच सेकंदांचा अवधी ठेवून धाकट्याच्या हाती फुलबाजी द्या आणि त्याला हवेत आपले नाव लिहायला सांगा. मात्र कॅमेऱ्याकडून पाहताना अक्षरे उलटी येतील, तेव्हा ती कशी लिहायची हे त्याचे त्यालाच शोधू द्या. मोठ्यांनी फक्त सेकंद पुकारावेत.